‘वळखना कोनी शे का?’

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या रात्री खानदेशातल्या पारोळ्याहून फोन आला. तिकडे साडेअकरा वाजून गेले होते, इथे न्यू जर्सीत दुपारचे दोन. चुलतभाऊ बोलत होता. त्याचा थोरला मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, मित्राच्या हळदीहून मोटारसायकलवर परत येत होता. महामार्गावर नाकाबंदी होती. यंत्रात फुंकायला लावलं आणि आकडा आला ६२. पोरगं पोलीस ठाण्यात बसलं होतं. भावाचा पहिला प्रश्न होता, “भाऊ, वळखना कोनी शे का?” म्हणजे, ओळखीचं कोणी आहे का?

माझ्या वर्गातला एकजण आता बऱ्या हुद्द्यावर आहे, हे त्याला माहीत होतं. मी उलट विचारलं, “पकडलं किती वाजता? डॉक्टरकडे नेलं का? रक्त घेतलं का?” भाऊ चिडला. “रक्त कशाला? रक्त घेतलं म्हणजे पुरावाच झाला ना! तू तिकडं राहून इकडचं विसरला.”

त्या फोननंतर चार दिवस मला नीट झोप लागली नाही. पोरगं पिऊन गाडी चालवत होतं, याचा संताप होता. पण त्याहून जास्त लागलं ते हे, की आमच्या घरातल्या एकाच्याही तोंडी ‘वकील’ हा शब्द आला नाही. आबा, काका, मामा, सगळ्यांचं एकच चाललं होतं: कोणाला फोन लावायचा आणि किती द्यायचे.

कायदा काय म्हणतो ते आधी सांगतो, कारण आपल्याकडे तो फार कमी लोकांना ठाऊक असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा झाला. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हा दंड २०१९ च्या दुरुस्तीआधी २,००० पर्यंतच होता. दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड किंवा दोन्ही. हे प्रकरण जागेवर पावती फाडून संपत नाही, कोर्टात जावंच लागतं. गुन्हा शाबीत झाला की लायसन्स किमान सहा महिने जातं. मात्र याच कायद्यात आरोपीसाठीही काही आहे. कलम २०२ सांगतं की या गुन्ह्यात अटक केली, तर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झालीच पाहिजे, नाहीतर त्याला कोठडीतून सोडावं लागतं. गुन्हा जामीनपात्र आहे. वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. ऐपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळू शकतो, आणि कोठडीत असलेल्या माणसाला तर तो उत्पन्न न बघता मिळतो.

यातलं भावाला काहीच माहीत नव्हतं. आमच्याकडे रिवाज असा की ओळख लागली तर ठाण्यातूनच सुटायचं. नाही लागली तर कोर्टाच्या पहिल्याच तारखेला मान खाली घालून ‘कबूल’ म्हणायचं, दंड भरायचा आणि संध्याकाळच्या आत घरी यायचं. लायसन्स जाईल, पुढच्या वेळी दुसरा गुन्हा धरला जाईल, हे त्या ‘कबूल’ म्हणणाऱ्याला कोणी सांगत नाही. केळीचा ट्रक घेऊन रावेरहून दिल्लीला जाणाऱ्या ड्रायव्हरचं सहा महिने लायसन्स गेलं, तर त्याच्या घरची चूल कशी पेटायची, हा विचार त्या दिवशी कोणाच्याच मनात नसतो.

इथे मी एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करतो. मोजमापाचं यंत्र खरं बोलतंय की नाही, हे रोज तपासणं हीच माझी भाकरी. म्हणून काही वर्षांपूर्वी शहाद्याकडच्या एका मित्राला एडिसनमध्ये दिवाळीच्या जेवणावरून येताना पकडलं, तेव्हा त्याच्याबरोबर मी प्रत्येक तारखेला म्युनिसिपल कोर्टात गेलो. इथली मर्यादा ०.०८ टक्के, म्हणजे आपल्या मापात ८०. कागदावर आपलाच कायदा कितीतरी कडक आहे. रस्त्याच्या कडेला त्याला पेनावरून नजर हलवायला सांगितलं होतं, टाचेला पायाचं बोट लावून नऊ पावलं चालवलं होतं, एका पायावर उभं केलं होतं. मग ठाण्यातलं यंत्र. त्याला फुंकायला लावण्याआधी २० मिनिटं पोलिसाने आरोपीवर नजर ठेवायची असते. मधेच त्याला ढेकर किंवा उलटी आली, तर ती २० मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

त्याच्या वकिलाने पहिल्याच दिवशी सगळं मागवलं: गाडी का थांबवली त्याचं कारण, पोलिसांच्या गाडीतलं चित्रीकरण, २० मिनिटांची नोंद, यंत्र शेवटचं कधी तपासलं त्याचे दाखले. मला वाटलं, हा पळवाट शोधतोय. मी तसं बोलूनही दाखवलं. वकील शांतपणे म्हणाला, “कागद बरोबर असतील तर तुमचा मित्र दोषी आहे, मी त्याला तसंच सांगेन. पण कागद न बघता सांगणार नाही.” कागद बरोबर निघाले. मित्राने गुन्हा कबूल केला. गाडीत फुंकल्याशिवाय इंजिन सुरू न होणारं यंत्र बसलं, वर्ग करावे लागले, तीन वर्षं दरवर्षी १,००० डॉलरचा अधिभार भरावा लागला. तेव्हापासून तो पिऊन चाकाला हात लावत नाही, कारण शिक्षा कशाबद्दल झाली ते त्याला पुरतं कळलं होतं. त्याच्याशी कोणी खोटं बोललं नव्हतं आणि त्यालाही खोटं बोलावं लागलं नव्हतं.

वकिलाचा तो हट्ट किती मोलाचा आहे, ते इथल्याच एका खटल्यातून दिसतं. यंत्रांची तपासणी करणाऱ्या पोलीस दलातल्या एका सार्जंटने तपासणीतली थर्मामीटरची एक पायरी गाळूनही ती केल्याचे दाखले दिले, असा आरोप २०१६ मध्ये त्याच्यावर झाला. एका बाईने गुन्हा आधीच कबूल केला होता. आपली चाचणीही त्याच यंत्रांतली आहे, हे कळल्यावर तिने तो कबुलीजबाब मागे घ्यायची परवानगी मागितली. २०१८ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या यंत्रांचे निकाल पुरावा म्हणून चालणार नाहीत असं ठरवलं. २०,००० हून अधिक चाचण्यांवर त्याचा परिणाम झाला. इथला एक माणूस मला म्हणाला, “एवढे दारूडे सुटले.” मला ते पटलं नाही. थर्मामीटरच्या एका पायरीसाठी कोर्टाने एवढं केलं, म्हणून त्यानंतरचा प्रत्येक आकडा लोक मानतात.

भाषेचा मुद्दाही इथे कोर्टात लढला गेला. २०१० मध्ये याच न्यायालयाने सांगितलं की श्वासचाचणी नाकारली तर काय होईल, ही सूचना चालकाला समजेल अशा भाषेत दिली पाहिजे. तो चालक स्पॅनिश बोलणारा होता. हे वाचताना मला नंदुरबारकडचा पावरी ही आदिवासी बोली बोलणारा माणूस आठवतो. त्याला ठाण्यात कागदावर अंगठा लावायला सांगतात, तेव्हा त्याला त्यातलं काय कळत असेल?

आता आपल्याकडचा वाद. मे २०२४ मध्ये जळगावजवळ रामदेववाडीला भरधाव गाडीच्या धडकेत चार जणांचा जीव गेला. त्यात एक आई आणि तिची मुलं होती. काहीच दिवसांत, १९ मे रोजी पुण्यात कल्याणीनगरला पोर्श गाडीने दोन तरुण इंजिनिअरांना चिरडलं. अल्पवयीन आरोपीला ३०० शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन मिळाल्याचं ऐकून सगळा महाराष्ट्र पेटला. मीही पेटलो. त्या दिवसांत गावाकडच्या प्रत्येक गप्पांत एक वाक्य यायचं: “असल्यांचं वकीलपत्र कोणी घेऊच नये.” माझ्या बहिणीनेही तेच म्हटलं. तिच्या रागाला मी नावं ठेवणार नाही. रामदेववाडीच्या त्या घरात काय झालं असेल, ते मनात आणलं तरी घास उतरत नाही.

पण पुण्यात न्यायाला धक्का कुठे लागला, ते बघा. आरोप असा आहे की रक्ताचा नमुना बदलला गेला, घरच्या ड्रायव्हरला ‘गाडी मी चालवत होतो’ म्हणायला भाग पाडलं गेलं. डॉक्टरांना अटक झाली. यातलं काहीही कोर्टात, वकिलाच्या युक्तिवादात घडलेलं नव्हतं. घडलं ते आधी, बंद दाराआड, फोनवर. म्हणजे माझ्या भावाने रात्री साडेअकराला जो प्रश्न विचारला, तोच तिकडे मोठ्या पैशांनिशी विचारला गेला असणार, असं मला वाटतं. मिटवणं आणि बचाव यांत आपण फरकच करत नाही. वकील भर कोर्टात विचारतो, नमुना कोणी घेतला, किती वाजता घेतला, सील कोणी लावलं. हे प्रश्न हटकून विचारले जाणार हे माहीत असेल, तर पोलीस आणि डॉक्टर नमुना नीट ठेवतात. मग तो नमुना मेलेल्यांच्या बाजूनेही साक्ष देतो.

वास घेऊन आणि झोकांड्या बघून दोषी ठरवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात १९७१ साली सांगितलं. अमुक आरोपीचं वकीलपत्र घ्यायचं नाही, असे वकील संघटनांचे ठराव बेकायदा आहेत, हे २०१० मध्ये सांगितलं. आणि मुंबईच्या कार्टर रोडवर २००६ मध्ये झोपलेल्या सात मजुरांचा जीव घेणाऱ्या चालकाची तीन वर्षांची शिक्षा २०१२ मध्ये त्याच न्यायालयाने कायम केली. त्यालाही वकील होता, शेवटपर्यंत होता. शिक्षा तरीही टिकली.

इथलं सगळं चांगलं, असं मी म्हणत नाही. माझ्या मित्राने वकिलाला जेवढे पैसे दिले, तेवढे दुकानात काम करणाऱ्या माणसाकडे नसतात. न्यू जर्सीत या गुन्ह्याला ज्युरी मिळत नाही. आणि व्हिसावर राहणाऱ्या आपल्या मुलांनी हे नीट ऐकावं: २०१५ पासून नुसत्या अटकेवरून, गुन्हा शाबीत होण्याआधीच, अमेरिकेचं परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं. हे मला अन्यायाचं वाटतं, आणि मी इथेही तसंच बोलतो.

त्या रात्री मी वर्गमित्राला फोन केला नाही. भाऊ माझ्याशी दोन आठवडे बोलला नाही. पोराला रात्री ग्रामीण रुग्णालयात नेलं, रक्त घेतलं आणि जामिनावर सोडलं. नंतर मी पुतण्याशीच बोललो. त्याने खरं सांगितलं, तीन पेग घेतले होते. मी म्हणालो, “वकील कर. कागद बघू दे. बरोबर असतील तर कोर्टात उभा राहून कबूल कर आणि काय होईल ते भोग. बरोबर नसतील तर लढ.” अमळनेरच्या एका तरुण वकीलबाईंनी वकीलपत्र घेतलं आहे. रक्ताच्या अहवालाची प्रत त्यांनी मागितली आहे.

मोटारसायकलची चावी भावाने देव्हाऱ्याच्या फडताळात ठेवली आहे. पोरगं एसटीने कामाला जातं. पुढची तारीख सकाळी अकराची आहे, इथे तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला असेल. मी जागाच असेन.