रिकाम्या खोलीत टीव्ही चालू ठेवून मालिका वाचत नाही

आज सकाळी पुन्हा तोच मेसेज फिरतोय. "आपली लाडकी मालिका बंद होऊ द्यायची नसेल तर रोज त्या वेळेला टीव्ही चालू ठेवा, बघत नसलात तरी चालेल, टीआरपी वाढला पाहिजे." वाचून डोक्यात तिडीक गेली, कारण आमच्या शेजारच्या काकू हे खरंच करतात. त्या आत भाकऱ्या थापत असतात आणि बाहेर रिकाम्या खोलीत टीव्ही बोलत असतो. सून बंद करायला गेली की म्हणतात, "राहू दे गं, तेवढाच टीआरपी मिळेल त्यांना."

नाही मिळत, काकू. काडीचाही नाही.

टीआरपी काही आपल्या सेट-टॉप बॉक्समधून येत नाही. 2015 पासून देशातले आकडे बार्क, म्हणजे टीव्हीचे प्रेक्षक मोजणारी संस्था, देते, आणि ते येतात निवडलेल्या सुमारे 55,000 घरांतून. देशात टीव्ही असलेली घरं 2020 च्या अंदाजानुसार 21 कोटी. म्हणजे एक घर साधारण 3,800 घरांच्या वतीनं बोलतं. ही घरं कोणती ते गुप्त ठेवतात, आणि ठेवलंच पाहिजे.

काम कसं चालतं ते एकदा नीट समजून घ्या. चॅनेलचा कार्यक्रम उपग्रहाकडे जाण्याआधी त्याच्या आवाजात एक कोड मिसळतात, वॉटरमार्क. आपल्या कानाला तो ऐकू येत नाही. त्यात चॅनेल कोणतं आणि वेळ काय, एवढं असतं. निवडलेल्या घरात टीव्हीजवळ मीटर असतो, तो हा कोड ओळखतो आणि माहिती मोबाइल नेटवर्कवरून पाठवतो. वेळ कोडमध्येच असल्यामुळे कार्यक्रम आत्ता पाहिला की रेकॉर्ड करून नंतर, हेही कळतं.

इथवर सगळं यंत्राचं. पण टीव्हीसमोर कोण बसलंय हे मीटरला दिसत नाही! त्यासाठी वेगळा रिमोट असतो. घरातल्या प्रत्येकाला एक बटण. बसताना दाबायचं, उठताना पुन्हा दाबायचं. पाहुणे आले तर त्यांच्यासाठी वेगळं बटण. आजोबा मध्येच डुलकी काढतात, पोरगं उठून खेळायला पळतं, सासूबाईंचं बटण सूनच दाबून टाकते. सगळी मेख इथे आहे. कोड कितीही अचूक असो, शेवटचा दुवा माणसाचं बोट. उद्या काकूंच्या घरी मीटर बसला तरी भाकऱ्या थापायला आत जाताना त्यांनी बटण दाबून 'उठले' असं कळवायचं असतं. म्हणजे रिकाम्या खोलीतला टीव्ही तिथेही मोजायचा नाही.

आणि रेटिंग म्हणजे किती जणांनी पाहिलं, असंही नाही. तो दर मिनिटाचा सरासरी प्रेक्षक असतो. अर्ध्या तासाच्या मालिकेतली दहाच मिनिटं पाहिलीत तर तुम्ही एक तृतीयांश माणूस. प्रत्येक जाहिरातीच्या तोंडाशी कुणीतरी जिन्यावरून का घसरतं, ते आता कळलं असेल.

नमुना घेऊन मोजणं चूक आहे असं माझं म्हणणं नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, मान्य. जगभर हेच करतात. पण शितं किती घेतली ते सांगाल की नाही? समजा एखाद्या गटात, म्हणजे ठरावीक वयाच्या शहरी बायकांत म्हणा, नमुन्यात 400 जणी आहेत. मालिकेला रेटिंग 1 टक्का. म्हणजे सरासरी चार जणी! सांख्यिकीचं साधं सूत्र लावलं तर 95 टक्के खात्रीसाठी या 1 टक्क्यात जवळपास 1 टक्का इकडेतिकडे धरावा लागतो. अख्खा महाराष्ट्र आणि गोवा एकत्र धरला की नमुना मोठा होतो, चूक कमी होते, हेही खरं. तरी दशांश चिन्हानंतरच्या फरकावर पहिला-दुसरा क्रमांक ठरवून कुणाचा 'महाराष्ट्राची नंबर वन' असा फलक लागतो आणि कुणाच्या मालिकेची वेळ बदलते, याचा संताप येतो.

त्यात वरची हातचलाखी वेगळीच. बॉक्स चालू केल्या केल्या जे चॅनेल समोर येतं ती जागा पैसे मोजून घेतात. माणूस आपलं चॅनेल शोधेपर्यंत मीटर हेच ऐकत असतो. असे उसने आकडे गाळायला बार्ककडे चाळणी आहे, ठीक. पण मुळात ती जागा विकायचीच कशाला? ऑक्टोबर 2020 मध्ये मीटरच्या घरांना पैसे देऊन ठरावीक चॅनेल लावून ठेवायला सांगितल्याचा आरोप मुंबई पोलिसांनी केला, तेव्हा बातम्यांच्या चॅनेलचं रेटिंग थांबवलं. ते परत सुरू झालं थेट मार्च 2022 मध्ये, तेही चार आठवड्यांच्या सरासरीनं. एकेका आठवड्याचा आकडा किती हलका असतो, हे तिथे मान्यच झालं की. मग मालिकांना तोच न्याय का नाही?

मेसेज पाठवणाऱ्यांवर सकाळी चिडले होते, आता तेवढा राग नाही. बिचारे जीव लावून बसलेत. पण काकूंसारख्यांना कामाला लावू नका. त्यांची नात तीच मालिका रात्री मोबाइलवर पाहते, आणि तिचं ते पाहणंही या टीआरपीत कुठेच येत नाही. मालिका आवडत असेल तर चॅनेलला चार ओळी लिहा, सरळ नाव घेऊन.

आणि दर गुरुवारी पहिल्या पाचांची यादी मिरवणाऱ्या पेजवाल्यांनो, बातमीवाल्यांनो, तिच्याखाली आणखी दोन ओळी टाका. महाराष्ट्र आणि गोव्यात मीटरची घरं किती, आणि पहिल्या-दुसऱ्यातला फरक नमुन्यामुळे होऊ शकणाऱ्या चुकीपेक्षा मोठा आहे की नाही. तेवढं छापा, मग खुशाल क्रमांक लावा.