‘लेकराला मोबाईल येतो’ म्हणजे नेमकं काय येतं?

भावकीच्या ग्रुपवर परत तोच मेसेज पडलाय: ‘खेड्यातली दहावीची लेकरं आता डिजिटल झाली. फॉर्म स्वतः भरतात, त्यांना कुणी फसवू शकत नाही, घरचा यूपीआय त्यांच्याच हाती द्या. शाळेतल्या संगणक खोलीवर खर्च कशाला?’ वाचून कुणी नातवाला पिन देऊन बसायच्या आत लिहिलेलं बरं.

अर्धं खरं आहे, मान्य. ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयोगटाची ‘असर 2023’ ही पाहणी झाली, महाराष्ट्रातून त्यात आपला नांदेड जिल्हा होता. देशभरात चाचणीसाठी स्मार्टफोन आणू शकलेल्यांपैकी जवळपास 80 टक्के मुलांना यूट्यूबवर सांगितलेला व्हिडिओ शोधता आला. गूगल मॅपवर प्रवासाचा वेळ मात्र तिघांत साधारण एकालाच काढता आला. आणि ‘लेकरं’ म्हणजे कोण? स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांत स्वतःचा स्मार्टफोन 43.7 टक्के मुलांकडे होता, मुलींकडे 19.8 टक्के.

‘कुणी फसवू शकत नाही’ हे सगळ्यात घातक. इथं लेकरांची चपळाईच नडते. व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान यादी’ नावाची फाईल येते, शेवटी एपीके असतं. म्हणजे ती यादी नाही, ॲप आहे. फोन अडवतो, ‘अज्ञात स्रोत’ म्हणून विचारतो. आजोबा तिथंच थांबले असते, पोरगं दोन सेकंदांत ‘अलाऊ’ दाबतं. मग एसएमएसची परवानगी, तीही ‘अलाऊ’. आता बँकेचा ओटीपी तुमच्याआधी चोराला दिसतो, आणि पुष्कळदा तीच फाईल तुमच्या नंबरवरून सगळ्या सोयऱ्यांना जाते. असं झालं तर आधी त्या फोनचं नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, आणि बँकेला कळवा, ॲप नंतर काढा. आणखी एक: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. ‘शिष्यवृत्ती जमा करायला क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ म्हणणारा चोरच.

फॉर्म स्वतः भरतात? 2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात. गुणपत्रिकेचा फोटो तीन-चार एमबीचा, पोर्टल मागतं काहीशे केबी. मग लेकरं फोटोचाच स्क्रीनशॉट काढतात, आकडे पुसट होतात, किंवा नावापुढे नुसतं ‘पीडीएफ’ लिहून टाकतात. फाईल उघडतच नाही. गूगलच्या ड्राइव्ह ॲपमध्ये कागद स्कॅन करून, कडा छाटून, कृष्णधवल करून ठेवलं की बहुतेक वेळा काम भागतं. शेवटी नेट कॅफेवाला स्वतःचा मोबाईल नंबर टाकून फॉर्म भरतो, आणि दुसऱ्या फेरीला पासवर्डसाठी त्याच्याच दारात उभं राहावं लागतं. नंबर घरचाच टाकायला लावा, पासवर्ड वहीत लिहून घ्या.

राहिली संगणक खोली. तलाठी भरतीची 2023 ची परीक्षा संगणकावर झाली. खोलीला कुलूप घातलं, तर यातल्या किती लेकरांच्या हाती माऊस पहिल्यांदा परीक्षेच्या दिवशीच येईल?