अहंकार सोडायचाय? आधी चार माणसं बोलवा

अहंकार सोडायचं ठरलं ना? उत्तम. पण कुणी बघत नसताना, मागीलदारी केळीच्या बुंध्याशी गुपचूप टाकून येऊ नका. फुकट जाईल. आमच्याकडे आंब्याची पेटी कुणाला धाडायची तरी चार घरांना कळेल अशी धाडतात. जन्मभर जपलेला अहंकार का म्हणून मुकाट्यानं सोडायचा?

मुहूर्त मे महिन्याचा धरा. चाकरमानी आलेले असतात, पडवी भरलेली असते, फणसाचे गरे मध्ये असतात. अशा वेळी सुपारी कातरता कातरता म्हणायचं, "मी हल्ली कशातच नसतो हो." कशात नसता, असं कुणी विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, हसायचं. ज्ञानी माणसाचं हसू वेगळं असतं: ओठ मिटलेले, नजर आढ्याकडे. मला ते आठ दिवसांत जमलं. बायकोनं दाढ दुखतेय का विचारलं, पण तिची अजून तेवढी तयारी नाही.

थोडा अभ्यासही हवा. इगतपुरीला दहा दिवसांचं मौन करून या, म्हणजे पुढचं वर्षभर त्यावर बोलता येतं. पावसला तर जायलाच हवं. स्वामी स्वरूपानंद तिथं एका घरातल्या खोलीत चाळीसेक वर्षं राहिले, 1974 साली देह ठेवला तोही तिथंच. आपल्याला एवढी सवड कुठली? आपण साडेअकराला पोचायचं, समाधीपुढं डोळे मिटायचे, खिचडीचा प्रसाद घ्यायचा आणि बाहेर पायरीवर बसून पुन्हा एकदा डोळे मिटायचे. या दुसऱ्या खेपेला फोटो काढायला भाचा बरोबर असावा.

गीतेच्या 13व्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगितली आहेत, त्यात पहिलंच आहे अमानित्व. म्हणजे मानाची हाव नसणं. हा शब्द तोंडात बसवा, बोलताना वापरा. ऐकणाऱ्याला तो बँकेतल्या ठेवीसारखा काहीतरी वाटतो आणि मान वाढतो.

आता 'मी कोण?' या प्रश्नाचं. त्यासाठी लोक हिमालयात जातात. कोकणी माणसानं तलाठ्याकडं जावं. सामायिक जमिनीचा सातबारा काढला की कोऽहम्‌चं उत्तर छापील मिळतं. आमच्या उताऱ्यावर एकतीस नावं आहेत. त्यातली नऊ माणसं केव्हाच वारली, दोघं नालासोपाऱ्याला, एक कुठं आहे ते एकतिसांतल्या कुणालाच ठाऊक नाही, आणि मी शेवटून चौथा. सगळी वाटणी केली तर माझ्या वाट्याला एक फणस येतो आणि दुपारी तीननंतरची त्याची सावली. अहंकार उतरवायला आणखी काय हवं?

तरीही सांगून ठेवतो: अहंकार सोडा, बांध सोडू नका. देह मी नव्हे, मन मी नव्हे, बुद्धी तर नव्हेच नव्हे. पण वहाळापासून जांभ्याच्या तिसऱ्या चिऱ्यापर्यंत मीच. आणि घाई करू नका. खोती, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या खोतांची वतनदारी, मोडायला सरकारला 1949 साली कायदा करावा लागला, तरी आमच्या वाडीत काही जण अजून 'खोतांनू' म्हटल्याशिवाय ओ देत नाहीत.

माझी घाईच नडली. शिमग्याला पालखी अंगणात आली, की पहिला नारळ आमच्या घराचा, ही वहिवाट. यंदा मी हात जोडून पुढं झालो आणि म्हटलं, "माझा नारळ आधी नको. मान कसला? सगळी देवाचीच लेकरं." हे बोलताना आवाज थोडा कापला पाहिजे, तो कापला. आता रीत अशी, की गावकारानं म्हणावं, "असं कसं दादा, वाडवडलांपासून चालत आलंय." आपण नको म्हणायचं. त्यानं पुन्हा आग्रह करायचा. तिसऱ्या खेपेला मी 'देवाची इच्छा' म्हणून मान खाली घालणार होतो.

गावकार म्हणाला, "बरं."

एवढंच. आणि वरच्या घरातल्या माझ्या चुलतभावाचा नारळ पुढं घेतला. त्याची नि माझी त्या तिसऱ्या चिऱ्यावरून सहा वर्षं बोलचाल नाही. गाऱ्हाणं सुरू झालं, वाडी 'व्हय म्हाराजा' म्हणाली, मीही म्हणालो. ढोल जोरात होते म्हणून बरं, माझा 'व्हय' कुणाला ऐकू गेला नाही. रात्री दोनपर्यंत मी पडवीत बसून होतो. तुम्ही असलं काही करणार असाल तर गावकाराशी आधी बोलून ठेवा, निदान तीनदा आग्रह कर म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतभावाचा मुलगा त्या नारळाची भकल घेऊन आमच्या पायरीवर उभा. "काकानू, बाबांनी दिल्यान."

बायकोनं त्याची सोलकढी केली. मी दोन वाट्या प्यालो.

"कशी झालीय?" तिनं विचारलं.

"बरी आहे," मी म्हटलं, "पण नारळाला रस कमी होता."