काटक पोरं आणि एक किडलेली दाढ

सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: किशोरवयात तब्येत घरच्या पैशावर नाही, सवयींवर आणि संस्कारांवर ठरते. गरीब घरची मुलं उलट काटक निघतात, मनाची दुखणी हे श्रीमंतांच्या पोरांचे चोचले, आणि घरात पैसा आला तरी मुलांत काही फरक पडत नाही. वाचायला गोड आहे. गरिबाची पाठ थोपटली जाते आणि कुणाला खिशात हातही घालावा लागत नाही.

आधी ‘काटक’चं बघू. या वयात मुलं दवाखान्यात कमी दिसतात, हे खरं. नव्वदच्या दशकात ग्लासगोचे संशोधक पॅट्रिक वेस्ट यांनी तर असं मांडलं होतं की, बालपणी दिसणारी आरोग्यातली दरी किशोरवयात बरीच बुजते, कारण शाळा आणि मित्रमंडळी घरावर मात करतात. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हे ठाऊक असतं तर त्याची बाजू जरा भक्कम झाली असती. पण पुढे मोजमाप वाढलं आणि ती दरी दिसत राहिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने ११, १३ आणि १५ वर्षांच्या शाळकरी मुलांची एक पाहणी अनेक देशांत होते. त्यातल्या ३४ देशांच्या २००२ ते २०१० या काळातल्या आकड्यांवरचा अभ्यास २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. हालचाल-व्यायाम, वजन, डोकेदुखी-पोटदुखीसारख्या तक्रारी आणि मनाच्या तक्रारी, या चारही बाबतींत सधन आणि गरजू घरांतलं अंतर वाढलं होतं. आयुष्याबद्दलच्या समाधानात मात्र ते कमी झालं होतं, हेही सांगायला हवं.

मुलांना आईवडिलांचा पगार माहीत नसतो, म्हणून या पाहणीत साधे प्रश्न असतात. घरी गाडी आहे का? कॉम्प्युटर किती? झोपायला तुझी स्वतंत्र खोली आहे का? हा शेवटचा प्रश्न श्रीमंतीचा वाटतो, पण मला तो झोपेचाही वाटतो. एका खोलीत पाच जण, त्यातला एक रात्रपाळी करून येतो, दिवा लागतो, भांडी वाजतात. अशा घरातल्या पोराला ‘लवकर निजायची सवय लाव’ म्हणून कसं सांगणार?

सवयींचंच आणखी एक. दोन मुलं, दोघंही दात घासायचा सारखाच आळस करतात. दोघांची दाढ किडते. एकाची आठवड्याभरात भरून होते. दुसरा वेदनाशामक गोळी घेतो, दुसऱ्या बाजूने चावतो, परीक्षेच्या दिवशी गाल सुजतो आणि शेवटी दाढ उपटावी लागते. सवय तीच होती. चूक निस्तरायची ऐपत वेगळी होती.

श्रीमंतांच्या पोरांचे चोचले? सुनिया लूथर या मानसशास्त्रज्ञांना अमेरिकेतल्या सधन उपनगरांतल्या किशोरांत व्यसनं आणि चिंता जास्त आढळली होती, तेव्हा हा मुद्दा अगदीच हवेतला नाही. पण सधन घरातही मुलं खचतात, एवढंच त्यातून निघतं. आणि खचण्याला चोचले म्हणणं तर कुठल्याच घरातल्या मुलाला लागू पडत नाही.

राहिला शेवटचा दावा, पैसा आला तरी फरक पडत नाही. याची जवळजवळ प्रयोगासारखी परीक्षा होऊन गेली आहे. अमेरिकेत ग्रेट स्मोकी पर्वताच्या परिसरातल्या मुलांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास १९९३ पासून चालू होता. मध्येच तिथल्या चेरोकी या मूळनिवासी जमातीच्या वस्तीत कॅसिनो उघडला आणि नफ्यातला वाटा जमातीतल्या प्रत्येकाला मिळू लागला. कष्ट, गुण, संस्कार, कशाचीच अट नाही. ज्या कुटुंबांची गरिबी त्यामुळे हटली, त्यांच्या मुलांमधला आडदांडपणा, उलटून बोलणं, नियम मोडणं कधीच गरीब नसलेल्या मुलांइतकं खाली आलं. जी कुटुंबं गरीबच राहिली, तिथे ते तसंच चढं राहिलं. चिंता आणि नैराश्यावर मात्र कॅसिनोनंतरच्या चार वर्षांत फारसा परिणाम दिसला नाही. हा फरक पडला कसा, याचा संशोधकांनी शोध घेतला, तेव्हा सर्वांत मोठा वाटा निघाला आईवडिलांच्या लक्ष देण्याचा: गरिबी हटलेल्या घरांत मुलांवर नजर ठेवायला त्यांना आता सवड मिळत होती. फॉरवर्ड ज्याला संस्कार म्हणतो, ते हेच असावं.