घाट म्हणजे डोंगर नव्हे

रस्त्यावर ‘घाट सुरू’ अशी पाटी लागते आणि बऱ्याच वळणांनंतर ‘घाट समाप्त’ अशी दुसरी. घाट शब्दाचा अर्थ कळायला एवढं पुरेसं आहे. घाट सुरू होतो, संपतो, गाडी घाट चढते, दरड कोसळली की घाट बंद होतो. पर्वतरांग काही बंद होत नाही. तरीही तापीच्या दक्षिणेपासून कन्याकुमारीपर्यंत पसरलेल्या १६०० किलोमीटरच्या रांगेचं इंग्रजी नाव ‘वेस्टर्न घाट्स’ आहे. इंग्रजीनं काय म्हणावं हा इंग्रजीचा प्रश्न. पण तेच नाव उलट भाषांतर होऊन ‘पश्चिम घाट’ या रूपात मराठीत सह्याद्रीच्या जागी बसू लागलंय, त्याला माझा ठाम विरोध आहे.

हा घोटाळा कसा झाला, हे खुद्द इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात घाट शब्दाचे अर्थ क्रमानं दिलेत: आधी नदीवर उतरायची जागा, मग डोंगरातून उतरणारी वाट, आणि शेवटी दोन्ही किनाऱ्यांलगतच्या डोंगररांगा. इथली माणसं ‘घाटावरचा मुलूख’, ‘घाटाखालचा मुलूख’ असं बोलत. ते ऐकून परक्यांना घाट हे डोंगराचंच नाव वाटलं असावं, असा त्या कोशकारांचा कयास आहे. तो पटण्यासारखा आहे, कारण आपण आजही तसंच बोलतो. कोकणातला माणूस ‘घाटावर गेलो होतो’ म्हणतो तेव्हा तो देशावर जाऊन आलेला असतो. वऱ्हाडात अजिंठ्याच्या डोंगराच्या वरचा भाग बालाघाट आणि खालचा पयनघाट. बीड-धाराशिवकडची रांगसुद्धा आपण ‘बालाघाटचे डोंगर’ म्हणतो. म्हणजे तिथेही ‘डोंगर’ वेगळा जोडावा लागतोच.

बरं, इंग्रजीत घाटाला ‘पास’ म्हटलं की काम झालं का? पूर्ण नाही. हिमालयातला पास म्हणजे एका बाजूनं चढायचं, खिंड ओलांडायची आणि दुसऱ्या बाजूनं उतरायचं. सह्याद्रीचं तसं नाही. महाराष्ट्रात सह्याद्री म्हणजे दख्खनच्या पठाराची पश्चिमेकडे तुटलेली कडा. कोकणातून वर आलात की समोर देशाचं पठार लागतं, पलीकडे तेवढीच उतरण नसते. म्हणून नाणेघाट, कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली या वाटा मुख्यतः एकाच बाजूनं चढतात. खिंड वेगळी, नाळ वेगळी, घाट वेगळा. नाळ म्हणजे कड्यातली दगडधोंड्यांची अरुंद उभी घळ, तिथं माल लादलेलं जनावर जाणार नाही. घाटानं बैलांचे तांडे जात. इतका नेमका फरक करणारा शब्द एका अख्ख्या रांगेवर पसरून टाकला की तो पातळ होतो.

रेल्वेवाल्यांनी मात्र अर्थ नीट धरला होता. १८६३ साली सुरू झालेल्या खंडाळ्याच्या चढाला ते ‘भोर घाट इन्क्लाइन’ म्हणत, म्हणजे घाटातला चढ. गडबड झाली ती नावाच्या स्पेलिंगमध्ये. मूळ नाव बोरघाट. इंग्रजीत ‘बी’च्या पुढे ‘एच’ आला, आणि आता मराठीतही लोक ‘भोर घाट’ लिहितात. भोर गाव पुण्याच्या दक्षिणेला, तिथून महाडकडे उतरायला वरंध घाट आहे. एका जादा अक्षरानं दोन वेगळ्या वाटा एकमेकींत मिसळल्या. केरळातल्या पालक्काडचं तर ‘पालघाट’ झालं. त्या नावात मुळात घाट नाहीच, काडु म्हणजे रान आहे.

इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. पूर्ण रांग म्हणायची असेल तर ‘द वेस्टर्न घाट्स’: आधी ‘द’, ‘जी’ कॅपिटल, क्रियापद अनेकवचनी. एकच घाट असेल तर ‘माळशेज घाट’, आधी ‘द’ नको, क्रियापद एकवचनी. सामान्यनाम असेल तर ‘जी’ लहान. ‘ताम्हिणी घाट पास’ लिहू नका, ती द्विरुक्ती आहे. ‘सह्याद्री माउंटन्स’चंही तसंच: सह्य अधिक अद्रि, आणि अद्रि म्हणजेच पर्वत. ‘सह्याद्रीज’ असा ‘एस’ लावण्याचंही कारण नाही, ‘द सह्याद्री’ पुरतं. वाईबद्दल लिहिताना जास्त जपा. तिथं कृष्णेवर गणपती घाट आहे आणि पाचगणीला चढणारा पसरणी घाटही आहे. पहिल्याला ‘रिव्हर घाट’ आणि दुसऱ्याला ‘घाट रोड’ म्हटलं की परका वाचक चुकत नाही.

आता खरा मुद्दा. इंग्रजीत मोठा ‘जी’ रांग दाखवतो आणि लहान ‘जी’ वाट. देवनागरीत लहानमोठी अक्षरं नाहीत. त्यामुळे ‘पश्चिम घाटातील वाहतूक’ वाचताना एखादा रस्ता समजायचा की सहा राज्यांत पसरलेली रांग, हे अक्षरांवरून कळत नाही. इंग्रजीची सोय मराठीत पोचतच नाही, तिचा गोंधळ तेवढा पोचतो.

‘पश्चिम घाट’ कुठेच नको, असं मी म्हणत नाही. २०१२ साली युनेस्कोनं जागतिक वारसा यादीत ३९ ठिकाणं घेतली, त्यात कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही आपली चार. ती नोंद त्याच नावानं आहे. या रांगेच्या पर्यावरणाचा अभ्यास करणारी माधव गाडगीळ समितीही त्याच नावाची. अधिकृत नाव बदलू नये. शिवाय पुराणांतल्या सात कुलपर्वतांच्या, म्हणजे मुख्य पर्वतांच्या, यादीत सह्य आणि त्याच्या दक्षिणेचा मलय वेगळे मोजलेत, त्यामुळे दक्षिण टोकापर्यंतची सगळी रांग सांगताना हे नाव उपयोगी पडतं. पण ‘फोर्ट्स इन द वेस्टर्न घाट्स’चं मराठी ‘सह्याद्रीतले किल्ले’ असंच व्हायला हवं.

आणि पावसाळ्यात तर हे फार गरजेचं आहे. हवामान खात्याच्या इंग्रजी इशाऱ्यात पुणे, सातारा, कोल्हापूरचे ‘घाट एरियाज’ असा उल्लेख येतो. त्याचं ‘घाटात मुसळधार’ असं भाषांतर झालं की वाचणाऱ्याला वाटतं, इशारा फक्त घाटरस्त्यानं जाणाऱ्यांना आहे. तो इशारा लोणावळा, महाबळेश्वर, गगनबावडा अशा कड्यालगतच्या सगळ्या गावांना असतो. त्यासाठी आपल्याकडे घाटमाथा हा नेमका शब्द आहे. बातमी लिहिणाऱ्यांनी, गावच्या ग्रुपवर इशारा पुढे पाठवणाऱ्यांनी तिथं ‘घाटमाथ्यावर’ एवढंच लिहावं.