टोपण ठेवून पेन

शेजारचा सातवीतला मुलगा काल इंग्रजीची वही घेऊन आला. रिकाम्या जागा भरा. 'कॅन यू अमुक मी युअर अम्ब्रेला?' त्याने अमुकच्या जागी ठोकून दिलं होतं 'बॉरो'. बाईंनी लाल फुली मारून वर 'लेंड' लिहिलेलं. "काकू, दोन्हीचा अर्थ उसनंच ना? मग मार्क का कापला?"

मी हसले नाही. कारण हीच चूक मी बाविसाव्या वर्षी केली आहे, तीही फोर्टातल्या एका ऑफिसात, साहेबासमोर. जुलै महिना, संध्याकाळी सहाचा सुमार, बाहेर धो धो. साहेब दाराशी ताटकळत उभे. मी मराठी माध्यमातली, नोकरीला लागून जेमतेम महिना झालेला. वाक्य मनात दोनदा घोळवलं आणि म्हणाले, "सर, आय विल बॉरो यू माय अम्ब्रेला." साहेब मराठीच होते. म्हणाले, "अहो, माझ्याकडे उसनी द्यायला छत्री असती तर मी इथे उभा राहिलो असतो का?" पुढे महिनाभर मी ऑफिसात 'बॉरोबाई' होते.

तर त्या पोराला जे सांगितलं ते इथेही लिहिते. घेणारा 'बॉरो' करतो, देणारा 'लेंड' करतो. बॉरोच्या मागून 'फ्रॉम' येतं, म्हणजे आपलं 'कडून'. लेंडला 'टू' लागतं, नाहीतर माणूस थेट क्रियापदाला चिकटतो: लेंड मी, लेंड हिम. 'बॉरो मी' असं मात्र होत नाही. नियम एवढाच. (वर्गात 'लेंड' म्हटलं की मागच्या बाकावर खसखस पिकते ती वेगळी. आमच्या वेळीही पिकायची.)

पण नियम एवढा सोपा असून आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथेच का घसरतात? एक कारण गाइडातलं. बॉरो म्हणजे उसने घेणे, लेंड म्हणजे उसने देणे, असं पाठ केलं की डोक्यात दोन्हींचं 'उसने' तेवढं राहतं आणि शेपूट गळतं. मराठीत सगळा भार त्या शेपटावर असतो. देणे, घेणे. एका अक्षराचा फरक, तरी दोन वर्षांचं पोरही त्यात चुकत नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मागताना आपण क्रियापद समोरच्याला लावतो. "जरा छत्री देता का?" "पेन दे रे." चाळीत कुणी दारात उभं राहून "मी तुमची वाटीभर साखर उसनी घेऊ का?" असं म्हणालं असतं तर माझ्या आईने तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. इंग्रजीत मात्र तेच रोजचं आहे, 'कॅन आय बॉरो'. त्यामुळे मालिकांतून, कार्टूनमधून मुलांच्या कानावर सतत पडतं ते बॉरो. मुलगा वाक्याची सुरुवात मराठी वळणाने 'तू'पासून करतो, आणि मग कानात बसलेलं बॉरो त्यात कोंबतो. हा ढ असण्याचा प्रश्न नाही. मार्क कापा, पण ढ म्हणू नका.

आणि इंग्रजीने या बाबतीत फार मिजास करू नये. 'आय रेंट अ फ्लॅट इन दादर' असं कुणी म्हणालं तर तो मालक की भाडेकरू? मुंबईत या दोन माणसांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकाला भाडं येतं, दुसऱ्याला दर अकरा महिन्यांनी पोटात गोळा येतो. आणि इंग्रजी दोघांनाही 'रेंट' म्हणते! अगदीच अडलं तर अमेरिकन माणूस त्याला 'आउट' जोडतो, ब्रिटिश माणूस 'लेट' म्हणतो. आपल्या इमारतींवर 'टू लेट'च्या पाट्या लागतात त्या यातल्याच. आपलं 'भाड्याने देणे' आणि 'भाड्याने घेणे' कधी घोळ घालत नाही.

बॉरोचं मूळ बघितलं तर आणखी गंमत. जुन्या इंग्रजीत 'बोर्ग' म्हणजे तारण, हमी. त्यावरून बॉरो. तारण ठेवून घेतलं ते बॉरो. जर्मनमध्ये त्याचाच भाऊ 'बोर्गेन' आजही उसनं देणं आणि उसनं घेणं दोन्हींसाठी चालतो, म्हणजे शेजारच्या पोराची चूक जर्मनीत चूकच ठरली नसती. आणि लेंडच्या शेवटचा 'ड' मुळात त्याचा नव्हेच. तो भूतकाळाच्या रूपातून मागे सरकून मूळ क्रियापदाला चिकटला. 'लोन' हा शब्द त्याच कुळातला.

तारणावरून मला आमची पतपेढी आठवते. पुढे मी तिथे बरीच वर्षं कर्ज विभागात काढली. काउंटरवर दिवसातून चाळीस वेळा "मॅडम, पेन आहे का?" पहिल्या महिन्यात माझी सहा पेनं गेली. मग शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी शिकवलं: टोपण आपल्याकडे ठेवायचं, नुसतं पेन द्यायचं. बिनटोपणाचं पेन खिशाला लावून कोणी घरी जात नाही. बोर्ग, बोर्ग म्हणतात ते हेच. आम्ही माणसांकडून सोनं ठेवून घ्यायचो आणि पेनासाठी टोपण.

पण जो फरक इंग्रजी करत नाही आणि आपण न शिकवता करतो, तो मला सगळ्यात आवडतो. साखर, चहापूड, शंभराची नोट हे 'उसनं'. तीच साखर कोणी परत देत नाही, तेवढीच देतं. शिडी, लग्नात घालायचा हार, चकलीचा सोऱ्या हे शक्यतो 'उसनं' नसतं, ते 'मागून आणलेलं' किंवा 'वापरायला नेलेलं'. तिथे तीच वस्तू परत यायला हवी. इंग्रजीत साखरही बॉरो आणि शिडीही बॉरो. विरजण तर या दोन्हींत बसत नाही. ते मागायचं, न्यायचं, आणि परत द्यायचा प्रश्नच नाही. वाचनालयात गेलात तर पुन्हा तिसरंच. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात (१८९८ पासूनचं आहे ते) आम्ही पुस्तक उसनं घ्यायला कधी गेलो नाही. आम्ही पुस्तक 'बदलायला' जायचो. इंग्रजीत ते बॉरो, आणि वाचनालय 'लेंडिंग लायब्ररी'.

उसनं अवसान कुणाकडून आणतात, हे मात्र मलाही सांगता येणार नाही. आणि वजाबाकीत दशकाकडून उसना घेतलेला एक मी जन्मात परत जाताना पाहिला नाही.

शब्दांचंही तसंच. भाषा शब्द उसने घेतात म्हणतात, तिथे फक्त बॉरो असतं, लेंड कुणी करत नाही. इंग्रजांचं 'मंगूस' हे आपलं मुंगूस. पोर्तुगीजांच्या तोंडून तिकडे गेलं, आपल्याला कुणी विचारलं नाही, आणि गंमत म्हणजे आपल्याकडचं मुंगूसही जागच्या जागी आहे. साखरेची वाटी अशी कधी भरलेली राहिली असती तर!

पोराला हे सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "काकू, परीक्षेत एवढं लिहायचं नसतं." बरोबर आहे. वही उचलून गेला, माझं पेनही घेऊन गेला. टोपण ठेवून घ्यायला मी विसरले.

जाता जाता: माझा पितळी सोऱ्या मागच्या दिवाळीत बिल्डिंगमधल्या कोणीतरी नेलाय. तो उसना नाही, वापरायला दिलेला आहे. म्हणजे तोच परत हवा, तसलाच दुसरा नको. चकत्या पाच होत्या.