सेल्फीत दिसतं ते नाक तुमचं नाही

पासपोर्ट फोटो आणि लग्नाच्या बायोडाट्याचे फोटो काढणं हा माझा धंदा. पूर्वी मुली म्हणायच्या, "काका, जरा गोरी दिसू द्या." तेही ऐकवायचं नाही. पण आता सतरा-अठराची पोरं खुर्चीत बसायच्या आधीच आपल्या चेहऱ्यातली खोट सांगायला लागतात. नाक मोठं आहे, एक डोळा बारीक आहे, जबडा वाकडा आहे. मी कॅमेऱ्यातून बघतो तर चांगला हसरा चेहरा. "कोण म्हणालं तुला असं?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "कोणी नाही, सेल्फीत दिसतं ना."

म्हणून पोटतिडकीने लिहितोय. पोरांनो, सेल्फीवरून स्वतःच्या चेहऱ्याचा निकाल लावू नका.

हात कितीही लांब केला तरी फोन चेहऱ्यापासून फूट-दोन फुटांवरच राहतो. इतक्या जवळून नाक लेन्सच्या पुढ्यात येतं आणि कान मागे पडतात. जवळचं मोठं दिसणारच. २०१८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी याचं गणित मांडलं: १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, ५ फुटांवरून हा फरक जवळजवळ उरत नाही. आम्ही स्टुडिओवाले पोर्ट्रेट काढताना मागे सरकतो ते याचसाठी. त्याच संशोधकांपैकी एक सर्जन होते. सेल्फी दाखवून नाक बारीक करून मागणारे लोक त्यांच्याकडे येत होते, त्यातून हा अभ्यास झाला. अंतरामुळे आलेल्या दोषासाठी माणसं नाकावर सुरी चालवून घ्यायला तयार होती!

वाकड्या जबड्याचं कारण वेगळं. आपण आयुष्यभर स्वतःला आरशात, म्हणजे उलटं बघतो. बरेच फोन फोटो सेव्ह करताना तो सुलटा करतात आणि ओळखीचा चेहरा एकदम परका वाटतो. १९७७ च्या एका प्रयोगात बायकांना स्वतःचा आरशासारखा फोटो जास्त आवडला, त्यांच्या मैत्रिणींना मात्र सुलटा. म्हणजे जो चेहरा तुम्हाला खटकतो, तोच तुमच्या माणसांना आवडतो.

आणि मग तो ब्युटी मोड. याचा मला खरा राग येतो. बऱ्याच फोनमध्ये तो न विचारताच चालू असतो. कातडी गुळगुळीत, रंग उजळ, हनुवटी निमुळती. दिवसभर तोच चेहरा बघितल्यावर रात्री आरशातला चेहरा उतरलेला वाटणार नाही तर काय? गुगलने २०२० मध्ये आपल्या पिक्सेल फोनवर हे रिटचिंग सुरुवातीपासून बंद ठेवायचं ठरवलं. सगळ्यांनीच ठेवायला हवं.

कोणी म्हणेल, रिटच केल्याने आत्मविश्वास वाढतो. कॅनडातल्या यॉर्क विद्यापीठात विद्यार्थिनींवर झालेला प्रयोग उलटं सांगतो. सेल्फी काढून सोशल मीडियावर टाकणाऱ्या मुली नंतर जास्त अस्वस्थ होत्या, स्वतःला कमी सुंदर समजत होत्या. रिटच करायची मुभा दिली त्यांचीही तीच गत. गडावर, वारीत, मित्रांच्या घोळक्यात काढलेल्या सेल्फीबद्दल मी बोलत नाहीये, ती आठवण असते. खोलीत एकटं बसून चेहरा झूम करकरून तपासणं, त्याबद्दल बोलतोय.

पटत नसेल तर फोन घरातल्या कुणाच्या हातात द्या. मागचा कॅमेरा, पाच-सहा फूट अंतर, थोडा झूम, ब्युटी मोड बंद, खिडकीचा उजेड. मग बघा नाक.

आणि आयाबायांनो, "काळवंडलीस गं" म्हणणं आता बंद करा. पोरगी आधीच दिवसभर फोनकडून ते ऐकतेय.

माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगणं आहे. बायोडाट्याचा फोटो उजळून देऊ नका. बघायला आलेले लोक मग त्या मुलीची तुलना तिच्याच फोटोशी करतात आणि ती समोर बसून ते बघत असते. मी रंगाला हात लावत नाही. काही पालक नाराज होऊन दुसऱ्या स्टुडिओत जातात. जाऊ देत.